परभणीच्या सरळ उत्तरेला

नकाशावर परभणीवर बोट ठेवा आणि ते सरळ उत्तरेला सरकवत न्या. वाशीम-अकोल्याच्या बाजूने ते मध्य प्रदेशात शिरेल, भोपाळला उजवीकडे टाकून पुढे राजस्थानची कड गाठेल, रोहतक ओलांडून चंदीगडवरून हिमाचलात चढेल. तिथून लडाखमध्ये उतरताना बोट थोडं उजवीकडे झुकवलं की हानले येतं. परभणीपासून आकाशमार्गे सुमारे दीड हजार किलोमीटर. लेहपासून गाडीने अडीचशे किलोमीटरच्या आसपास, चीनच्या सीमेजवळचं हे विरळ वस्तीचं खोरं. त्याच्या कडेला दिग्पा-रत्सा री नावाचा डोंगर आहे. आता त्याला माउंट सरस्वती म्हणतात. तिथे ४,५०० मीटर उंचीवर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा उभी आहे. तिच्या दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने सप्टेंबर २००० मध्ये पहिल्यांदा आकाश पाहिलं.

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्याचं वेड ज्यांना लागलंय, त्यांच्या तोंडी आज हानलेचं नाव सारखं असतं. मराठी मुलंमुली कॅमेरे, तिवया, जाड जॅकेटं घेऊन तिकडे जातात. कुणी स्पितीला जातं, कुणी कुमाऊँमधल्या मुनस्यारीला. परत आले की आकाशगंगेचे जे फोटो दाखवतात, ते पाहून आपल्याकडचा माणूस हटकून म्हणतो, आपल्याकडे असं आकाश नाही. मला या वाक्याबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे. कारण परभणी आणि हानले यांच्या रेखांशांत जेमतेम सव्वादोन अंशांचा फरक आहे. जो तारा हानलेच्या मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर येतो, तोच साधारण नऊ मिनिटांनी परभणीच्या मध्यमंडलावर येतो. हजारो वर्षं प्रवास करून आलेला तोच प्रकाश दोन्ही गावांवर पडतो. फरक पडतो तो शेवटच्या काही किलोमीटरांत, हवेत शिरल्यानंतर.

त्या हवेचा हिशेब आधी करू. परभणी समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर आहे. ४,५०० मीटरवर हवेचा दाब परभणीच्या साठ टक्क्यांवर येतो. म्हणजे परभणीच्या डोक्यावर जेवढी हवा आहे, तिच्यातली चाळीस टक्के हवा हानलेच्या डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली गेलेली असते. ही कल्पना जुनी आहे. न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात लिहून ठेवलं होतं की दुर्बिणीला हवेचा थरथराट टाळायचा असेल तर सर्वात उंच पर्वतांच्या माथ्यावरची शांत हवा गाठली पाहिजे. ती प्रत्यक्ष तपासायला दीडशे वर्षं गेली. १८५६ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ हा स्कॉटलंडचा राजखगोलज्ञ तेनेरीफ बेटावरच्या डोंगरावर दुर्बिणी चढवून घेऊन गेला आणि फरक डोळ्यांनी पाहून आला.

आता गंमत पाहा. फोटोवाल्यांना ज्याची सर्वात जास्त ओढ असते तो आकाशगंगेचा मध्यभाग, धनू आणि वृश्चिक राशींच्या सीमेजवळचा, परभणीहून जास्त उंच दिसतो. परभणीच्या आकाशात तो दक्षिणेला जवळजवळ ४२ अंशांवर चढतो, हानलेला फक्त २८ अंशांवर. क्षितिजाकडे झुकलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाला हवेतून तिरका आणि लांब रस्ता कापावा लागतो. म्हणजे या बाबतीत परभणी फायद्यात आहे. तरीही हानलेची हवा इतकी पातळ की हिशेब केला तर तिथला तिरका रस्तासुद्धा परभणीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी भरतो. पंधरा टक्के म्हणजे फार नाही. फक्त उंचीनेच सगळं ठरत असतं तर एवढ्या लांब जाण्याचं कारण उरलं नसतं.

खरा फरक त्या हवेत काय मिसळलेलं आहे याचा आहे. परभणीला वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. हानलेला पाऊस आणि बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आत. हवेच्या उभ्या स्तंभातली सगळी वाफ पिळून काढली तर भर पावसाळ्यात आपल्याकडे पन्नास मिलिमीटरच्या आसपास पाणी निघेल. हानलेच्या हिवाळ्यात ते दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. वाफ स्वतः पारदर्शक असते, पण ओल्या हवेत धुळीचे आणि धुराचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात आणि फुगलेला कण प्रकाश जास्त विखुरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस मराठवाड्यात दिवसासुद्धा आकाश पांढुरकं दिसतं, ते यामुळे. रात्री हाच थर ताऱ्यांचा प्रकाश खातो आणि शहराचा प्रकाश आपल्या अंगावर घेऊन चमकत राहतो. त्यात नेमका जून ते सप्टेंबर हा काळ, जेव्हा आकाशगंगेचा मध्यभाग सोयीच्या वेळी दक्षिणेला उभा असतो, तो आपला पावसाळ्याचा. हिमालयाच्या पर्जन्यछायेतल्या लडाखवर तेव्हाही ढग येतात, पण मोकळ्या रात्री मिळतात. वर्षभरात दुर्बिणीला काम करता येईल अशा अडीचशेच्या वर रात्री हानलेला मिळतात.

मग उरतो माणसाने लावलेला उजेड. याचंही एक साधं भौतिकशास्त्र आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा खूप जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशाच्या तिपटीहून जास्त विखुरला जातो. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा बराचसा प्रकाश एकाच अरुंद पट्ट्यात असायचा, तो फिल्टर लावून बराच काढून टाकता यायचा. आता गल्लोगल्ली पांढरे एलईडी आलेत. त्यांच्यात निळा भाग भरपूर आणि पट्टा रुंद, त्यामुळे फिल्टरचा फारसा उपयोग होत नाही. लाईट गेल्यावर अंगणात आलेल्या माणसाला अचानक आकाश भरलेलं दिसतं, हा अनुभव मराठवाड्यात कुणाला नवा नाही. रब्बीच्या हंगामात रात्रीची लाईट मिळते म्हणून गव्हाला पाणी द्यायला उभा असलेला शेतकरी पहाटे दोन वाजता जे आकाश बघतो, ते परभणीच्या बसस्थानकासमोरच्या माणसाला दिसत नाही. अंतर असतं पंधरा-वीस किलोमीटरांचं.

आकाश किती काळं आहे हे सांगण्यासाठी जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ मध्ये एक ते नऊ अशी पायरी मांडली. एक म्हणजे अस्सल काळोख, नऊ म्हणजे महानगराचा गाभा. हानले पहिल्या पायरीवर मोजलं जातं. ते तसंच राहावं म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने वेधशाळेभोवतीचा हजारभर चौरस किलोमीटरचा प्रदेश ‘हानले डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर केला. तिथे घरांच्या खिडक्यांना जाड पडदे लागतात, बाहेरचे दिवे खालच्या दिशेने झाकलेले असतात, रात्री गाडीचे मोठे दिवे लावायचे नसतात. गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन, आकाश दाखवण्याचं शिक्षण देऊन पर्यटकांचं यजमानपद त्यांच्याकडे सोपवलं आहे. मला या योजनेतली ही गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. काळोख राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या काळोखाची कमाईही त्यांच्याच घरात येते. महाराष्ट्रातही हे सुरू झालं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलावे लागले.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. आकाशगंगेचा फोटो काढायला फार महाग सामान लागतं हा समज काढून टाकावा. ज्याचं शटर हाताने उघडं ठेवता येतं असा कॅमेरा, रुंद दृष्टिक्षेत्राची लेन्स आणि न हलणारी तिवई, एवढ्यावर सुरुवात होते. साधारण मांडणी अशी: २० मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर २.८ किंवा त्याहून मोठं, आयएसओ ३२००, शटर २० सेकंद, आणि फोटो रॉ स्वरूपात. यातले २० सेकंदच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पृथ्वी फिरते म्हणून खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. २० सेकंदांत ३०० विकला. साधारण २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरच्या लेन्सने एका पिक्सेलमध्ये सुमारे ६० विकलांचं आकाश मावतं. म्हणजे २० सेकंदांत तारा पाच पिक्सेल सरकला. फोटो फोनवर पाहिला तर तो टिंबच दिसेल, मोठा छापला तर छोटी रेघ. छायाचित्रकार ५०० या आकड्याला लेन्सच्या लांबीने भागून सेकंद काढतात, तो हिशेब याच सरकण्याला थोडी सूट देऊन बसवलेला आहे. ध्रुवाच्या बाजूला कॅमेरा असेल तर तारे कमी सरकतात, तिथे आणखी सूट मिळते.

एवढ्या कमी वेळात एका पिक्सेलवर प्रकाशकण फार थोडे पडतात, म्हणून फोटो रवाळ दिसतो. यावर उपाय म्हणजे एकाच जागेचे अनेक फोटो घेऊन ते संगणकावर एकावर एक बसवणं. तारे प्रत्येक फोटोत जुळवून घेता येतात, रवा प्रत्येक फोटोत वेगळा पडतो. सोळा फोटो एकत्र केले की रवा चौथाईवर येतो; सोळाचं वर्गमूळ चार, एवढाच त्यामागचा नियम. चौसष्ट केले तर अष्टमांशावर. जमिनीचा फोटो मात्र वेगळा घ्यावा लागतो, कारण तारे जुळवताना डोंगर सरकतो. अशा जोडलेल्या फोटोला कुणी खोटा म्हणू नये, पण तो जोडलेला आहे हे काढणाऱ्याने सांगावं. एका गावचं आकाश आणि दुसऱ्या गावचा डोंगर चिकटवून जे काही बनवलं जातं, त्याला मी फोटो मानत नाही.

थंडी कॅमेऱ्याला काय करते, हा बर्फाच्या डोंगरावरचा सर्वात रोचक भाग आहे. सेन्सरवर प्रकाश पडला नाही तरी उष्णतेने काही इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते प्रकाशाचं सोंग घेऊन मोजले जातात. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की हा खोटा प्रवाह निम्मा होतो. परभणीत मे महिन्याच्या रात्री २८ अंश असतं. हानलेच्या जानेवारीत उणे २० सहज. फरक ४८ अंशांचा, म्हणजे आठ वेळा निम्मं. दोनला आठ वेळा गुणलं की २५६ होतात. तोच कॅमेरा, तेवढंच एक्स्पोजर, आणि उष्णतेचा खोटा प्रवाह अडीचशेव्या हिश्शावर! मोठ्या वेधशाळा आपले सेन्सर मुद्दाम थंड करून ठेवतात ते याचसाठी. डोंगरावर हे काम थंडी फुकटात करून देते.

पण तीच थंडी बॅटरीवर उठते. लिथियम-आयन बॅटरीत आयन ज्या द्रवातून ये-जा करतात, तो द्रव गारठ्याने घट्ट होतो, आतला रोध वाढतो आणि भरलेली बॅटरी अर्ध्यावर आल्यासारखी वागते. तिची ऊर्जा गेलेली नसते. ऊब दिली की बरीचशी परत येते. म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवायच्या आणि आलटून-पालटून वापरायच्या. गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला मात्र कधीच लावू नये. शून्याखाली चार्ज करताना लिथियम धातूच्या रूपात आत जमतं आणि बॅटरी कायमची बिघडते, पुढे धोकादायकही होऊ शकते.

फोकसचं काम तर बोटांची परीक्षा घेणारं. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून तो बंद करायचा. व्याधासारखा ठळक तारा पडद्यावर आणायचा, दहापट मोठा करायचा आणि लेन्सचं कडं केसभर फिरवत राहायचं. ताऱ्याचा गोळा लहान होत होत टिंब होतो आणि त्याच क्षणाला आसपास आधी न दिसलेले दोन-चार बारीक तारे उमटतात. ते उमटले की फोकस बसला. जाड हातमोजे घालून कडं केसभर फिरत नाही आणि मोजे काढले तर मिनिटभरात बोटं बधिर होतात, म्हणून आत पातळ आणि वर जाड असे दुहेरी मोजे घालतात. एवढं करून भागत नाही. लेन्सचा धातू आणि काच रात्रभर आकसत राहतात, फोकस आपोआप घसरतो. तासाभराने पुन्हा तपासलं नाही तर पहाटेचे सगळे फोटो मऊ येतात. लेन्सवर आपलाच श्वास पडला तर त्याचं तिथल्या तिथे हिम होतं आणि ते पुसून जात नाही, कारण काच शून्याच्या कितीतरी खाली असते. लेन्सभोवती ऊब देणारी विजेची पट्टी बांधली तर हा त्रास वाचतो. ही पट्टी परभणीला जास्त कामाची आहे, हे मुद्दाम सांगतो. हानलेची हवा कोरडी आहे. डिसेंबर-जानेवारीत गव्हाच्या ओल्या शेताच्या बांधावर तिवई लावली तर अर्ध्या तासात काचेवर दव साचतं, आणि कडाक्याच्या लाटेत परभणीचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तर विचारूच नका.

काम संपल्यावर कॅमेरा तसाच उबदार खोलीत नेऊ नये. खोलीतली वाफ गारठलेल्या काचेवर आणि आतल्या विद्युतमंडळावर थिजते. बाहेरच पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून मग आत आणायचा आणि तीन-चार तास उघडायचा नाही. कार्ड आधीच काढून घ्यायचं, म्हणजे फोटो बघायची घाई भागते.

बर्फाबद्दल आणखी एक. ताजं बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी ते नव्वद टक्के परत पाठवतं. आपली काळी कसदार जमीन, त्यातही पाणी पिऊन बसलेली, दहा टक्केही परत देत नाही. म्हणून आपल्या रानात काढलेल्या फोटोत आकाश उजळ येतं आणि खाली नुसता काळा पट्टा राहतो, तर बर्फाच्या उतारावर चंद्र नसतानाही ताऱ्यांच्या प्रकाशात डोंगराच्या घड्या उमटतात. ज्यांना त्यावर थोडा जास्त उजेड हवा असतो ते तिथी बघतात. शुक्ल चतुर्थी-पंचमीचा चंद्र साडेनऊ-दहाच्या सुमारास मावळतो. तोवर तो पश्चिमेकडून शिखरं उजळवतो, तेव्हा डोंगराचे फोटो घ्यायचे. तो गेला की आकाश काळं होतं, तेव्हा ताऱ्यांचे. पण बर्फाच्या या गुणाचा तोटाही आहे. एखाद्या तंबूतला पांढरा दिवा किंवा डोक्यावरची बॅटरी सगळा उतार पेटवते आणि शेजारच्या चार जणांचे फोटो वाया जातात. म्हणून मंद तांबडा दिवा वापरायचा. तांबड्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळेही बिघडत नाहीत.

डोळ्यांची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. इतक्या उंचीवर माणसाचे डोळे कमजोर होतात. अंधारात पाहण्याचं काम करणाऱ्या डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशी ऑक्सिजन फार खातात. ४,५०० मीटरवर तो साठ टक्क्यांच्या आसपासच मिळतो, आणि त्याचा पहिला फटका रात्रीच्या दृष्टीला बसतो. हवाईतल्या मौना केआच्या ४,२०० मीटर उंच माथ्यावर गेलेल्यांचा अनुभव असा की डोळ्यांना तिथल्यापेक्षा खाली २,८०० मीटरवर तारे जास्त दिसतात. कॅमेऱ्याला श्वास लागत नाही. त्याला पूर्ण लाभ मिळतो. जाणाऱ्याने लेहला निदान दोन रात्री काढून शरीर सरावू द्यावं. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर फोटोचा विचार सोडून खाली यावं.

कॅमेरा डोळ्यांच्या किती पुढे जातो याचा मोठा पुरावा १० मे २०२४ च्या रात्री मिळाला. सूर्यावरच्या उद्रेकांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला असा धक्का दिला, की ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच सर्वोच्च श्रेणीचं भूचुंबकीय वादळ नोंदलं गेलं. हानलेच्या वेधशाळेतल्या सर्व आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्या रात्री क्षितिजाजवळ गडद तांबडा प्रकाश टिपला. भारतातून ध्रुवीय प्रकाश! तो तांबडाच का? ऑक्सिजनचा उत्तेजित अणू ६३० नॅनोमीटरचा हा तांबडा प्रकाश सोडायला सुमारे ११० सेकंद घेतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याला कुणीतरी धडकतं आणि ऊर्जा काढून घेतं. म्हणून हा रंग दोनशे किलोमीटरच्या वरच, विरळ हवेत जन्माला येतो. समजा तो चारशे किलोमीटरवर आहे. एवढ्या उंचीची वस्तू जमिनीवरून साधारण वीस अक्षांश दूरपर्यंत दिसू शकते. हानले ३३ अक्षांशावर आहे, म्हणजे त्याचं क्षितिज ५२ ते ५३ अक्षांशांवरच्या आकाशापर्यंत पोचतं. परभणीचं ३९ पर्यंतच. त्या रात्री परभणीचं आकाश कितीही काळं असतं, तरी मधे पृथ्वीची गोलाईच आडवी आली असती. हा डोंगरापेक्षा अक्षांशाचा फायदा होता.

हानलेशी महाराष्ट्राचं नातं पर्यटकांपुरतं नाही. तिथली ७० सेंटीमीटर व्यासाची, पूर्णपणे स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून २०१८ मध्ये सुरू केली. अचानक उजळणारे तारे, स्फोट, जवळून जाणारे लघुग्रह यांचे फोटो ती घेते आणि पवईतले विद्यार्थी त्यांवर काम करतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने उभारलेल्या सात दुर्बिणींचा ‘हगार’ संच तिथे आहे. आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ ही २१ मीटर व्यासाची दुर्बीण ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे राष्ट्राला अर्पण झाली. तिचा कॅमेरा अवघ्या १,०८८ पिक्सेलचा, पण तो जे टिपतो ते काही नॅनोसेकंदांत संपतं: दूरच्या आकाशगंगांतून आलेले गॅमा किरण हवेवर आदळतात, तेव्हा उठणारी निळसर चमक. आपण २० सेकंद शटर उघडं ठेवतो, त्याच आकाशाखाली हा कॅमेरा सेकंदाच्या अब्जांशावर काम करतो.

हे सगळं सुरू होण्याच्या शंभर वर्षं आधी पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्यांनी वेधशाळा उभारली, तिच्यात वीस इंची दुर्बीण बसवली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते सामानसुमान घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले आणि छायाचित्रं घेऊन आले. ती वीस इंची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर गेली. चांगलं आकाश जिथे असेल तिथे यंत्र उचलून न्यायचं, हा रिवाज आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

आता परभणीच्या पदरात काय आहे ते पाहू, कारण हानलेच्या फोटोंत कधीच न येणाऱ्या काही गोष्टी आपल्याकडे आहेत. अगस्ती हा रात्रीच्या आकाशातला व्याधानंतरचा सर्वात तेजस्वी तारा. परभणीहून तो हिवाळ्यात दक्षिणेला १८ अंशांपर्यंत चढतो. हानलेला साडेचार अंशांपलीकडे जात नाही, म्हणजे समोरच्या डोंगररांगेनेच झाकला जातो. त्रिशंकू तिथे उगवतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे तो दहा-अकरा अंशांवर सरळ उभा राहतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची भरते, तिच्या वर बघायचं. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ आपल्याला २३ अंशांवर मिळतो.

एप्रिलच्या मध्याजवळ जी अमावस्या येईल ती रात्र यासाठी धरा. जिंतूरकडे, येलदरीच्या बाजूला जायची अनेकांना सवय असते, पण दक्षिणेच्या फोटोंसाठी ती जागा चुकीची, कारण परभणीचा उजेड तिथून नेमका दक्षिणेकडेच येतो. तिकडे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा काढाव्यात. ध्रुव १९ अंशांवर म्हणजे क्षितिजाच्या जवळ असल्याने झाडं, देऊळ, पाणी असं काहीही एका चौकटीत बसतं. दक्षिणेसाठी गोदावरी ओलांडून गंगाखेडच्या पुढे, राणीसावरगावच्या डोंगराळ भागाकडे जावं. शहरं पाठीमागे राहतात. सव्वाअकराच्या सुमारास त्रिशंकू मध्यमंडलावर येतो, तासाभराने ओमेगा सेंटॉरी, आणि साडेचारला आकाशगंगेचा मध्यभाग. पहाटेचा उजेड पसरायला त्यानंतर वीसेक मिनिटं असतात. रात्रीचं तापमान पंचवीसच्या आसपास राहील, सेन्सर तापेल, त्रिशंकूचा प्रकाश हवेचा पाचपट रस्ता कापून येईल. म्हणून आयएसओ १६०० वर ठेवून दहा-दहा सेकंदांचे साठ-सत्तर फोटो घ्या, शेवटी लेन्सला टोपण घालून तेवढ्याच सेकंदांचे वीस काळे फोटो घ्या. उष्णतेने उमटलेले खोटे ठिपके त्यांत जसेच्या तसे असतात आणि संगणकावर ते मूळ फोटोंतून वजा करता येतात.